वाटीनं न निघणारी उष्णता

सोलापुरात कुणी "उष्णता झालीय" म्हणालं की त्याचे निदान पाच अर्थ होतात. तोंड आलंय. नाकाचा घोळणा फुटलाय. लघवीला जळजळ होतेय. किंवा माणूस नुसता चिडलाय आणि त्याला कुणी बोलू नये. पाचवा अर्थ सांगताना माणूस आधी दाराकडे बघतो, खुर्ची पुढे ओढतो आणि आवाज इतका खाली आणतो की मला त्याच्या ओठांकडे बघावं लागतं. बरीच वर्षं झाली, मी या पाचव्या अर्थावर पोट भरते आहे.

एका सरकारी दवाखान्यात मी समुपदेशक आहे. लैंगिक संबंधातून होणारे आजार घेऊन जे येतात, त्यांच्याशी बोलायचं हे माझं काम. तपासतात डॉक्टर, टोचते सिस्टर, मी फक्त बोलते. दारावर आजाराचं नाव लिहिलं तर आत कुणी पाऊल टाकणार नाही, म्हणून पाटीवर नुसतं 'समुपदेशन कक्ष' एवढंच आहे. लोक त्यातला उपदेश तेवढा वाचतात. एकदा मंगळवेढ्याकडचे दोन भाऊ बांधाचं भांडण घेऊन आले. दुपारची वेळ होती, कुणी नव्हतं, मी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि बांध मधोमध घाला म्हणून सांगितलं. दोघं गेले. पाच मिनिटांनी धाकटा एकटाच परत आला आणि म्हणाला, "म्याडम, ते दुसरं बी बघता का हितं?"

घरी माझ्या नोकरीचं नाव काढायचं नाही असा एक अलिखित नियम आहे. एका लग्नात सासरच्या कुणीतरी विचारलं, सूनबाई काय करतात सध्या. माझ्या आईनं मला तोंड उघडू न देता सांगून टाकलं, "ती उष्णतेचं बघते." त्यावर एक काका पुढे सरसावले आणि म्हणाले, मग यंदा पारा कुठवर जाणार? मी गंभीर चेहऱ्यानं त्रेचाळीस सांगितलं. त्या वर्षी तो चव्वेचाळीसला गेला, तेव्हापासून काकांचा माझ्यावरचा विश्वास उडाला आहे.

आमच्याकडे औषधांच्या पाकिटांना रंग असतात. लक्षण काय त्यावरून रंग ठरतो. लोकांना आजाराचं नाव घ्यायची लाज वाटते, रंगाची वाटत नाही. त्यामुळे येणारा माणूस साडीच्या दुकानात उभा असल्यासारखा बोलतो. "मागल्या बारीला करडं दिलं व्हतं. औंदा हिरवं द्या की." एकानं तर मित्राला बरं वाटावं म्हणून आपलं अर्धं पाकीट त्याला देऊन टाकलं होतं. दोघंही बरे झाले नाहीत, पण दोस्ती पक्की झाली.

दर दोन-चार वर्षांनी आम्हाला प्रशिक्षणाला बोलावतात. पडद्यावर देशाचा नकाशा येतो. आजार जास्त तिथं गडद रंग, कमी तिथं फिका. फिक्या भागातले लोक जरा ताठ बसतात. मला तो नकाशा बघून हसू आवरत नाही, कारण ज्या महिन्यात तपासणीचं सामान संपतं, त्या महिन्यात सगळा तालुका सदाचारी होतो हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. जिथं विचारलंच नाही, तिथं सापडणार काय?

अशाच एका प्रशिक्षणात साहेबांनी आमच्या नोंदींचा आलेख दाखवला. सिफिलिस सापडलेल्यांत बायकांची रेघ पुरुषांच्या बरीच वर गेली होती. साहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, "हे असं का असावं?" सगळे वह्यांमध्ये बघू लागले. मी म्हणाले, "सर, पुरुष गरोदर राहत नाहीत म्हणून." साहेब हसले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत मात्र तीन बायका माझ्या ताटात आपापलं श्रीखंड वाढून गेल्या.

मी खोटं बोलले नव्हते. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईचं रक्त तपासलं जातं. तिच्या नवऱ्याचं रक्त मागायला कुणी जात नाही. त्याला काही झालंच तर तो औषधाच्या दुकानात जातो, पुलाखाली बरण्या मांडून बसलेल्या वैदूकडे जातो, नाहीतर फोनला विचारतो. आमच्या वहीपर्यंत तो पोचतच नाही. बाई सापडते, आणि जी आधी सापडते तिनंच आजार आणला असं घरात ठरतं.

आता सांगायची ती गोष्ट गेल्या उन्हाळ्यातली.

अक्कलकोटकडच्या एका गावातली मुलगी होती. लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालेलं, पहिलंच बाळंतपण, पाचवा महिना. नवऱ्याचं किराणा दुकान. रक्तात सिफिलिस निघाला म्हणून तिला माझ्याकडे पाठवलं होतं. मी तिला आजाराचं नाव सांगितलं, काय होतं तेही सांगितलं. अंगात काही दुखत-खुपत नसलं तरी हा आजार रक्तात बसून राहतो, पोटातल्या बाळापर्यंत जातो, बाळ पोटातच जाऊ शकतं किंवा आजार घेऊन जन्मू शकतं. औषध साधं आहे, पेनिसिलीनची सुई, आठवड्याला एक अशा तीन. पण नवऱ्यालाही घ्यावी लागते, नाहीतर त्याच्याकडून आजार परत येतो.

तिनं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं. "सासूबाईंना कळंल का?"

"आम्ही कुणाला सांगत नाही."

"नाव कळलं की मला माहेरी घालवत्याल. म्हनत्याल, हिनंच आनलं."

तिची भीती खोटी नव्हती. त्या खोलीत बसून मी किती मुली माहेरी गेलेल्या पाहिल्या आहेत. मग घरी काय सांगायचं? तिनं विचारलं आणि माझ्या डोक्यात एक नामी युक्ती आली. इतकी नामी की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. मी म्हणाले, "सांग की रक्तात उष्णता निघालीय. दोघांनाही सुई लागते." खोटं काहीच नव्हतं. लोक माझ्या खोलीत हाच शब्द घेऊन येतात, मी तोच त्यांना परत दिला. तिचा चेहरा मोकळा झाला. पहिली सुई घेऊन, कमरेवर हात ठेवून ती गेली.

पुढच्या आठवड्यात ती आली नाही. नवराही नाही. कागदावरचा नंबर नवऱ्याचा होता, मी फोन लावला.

"म्याडम, आता काय गरज न्हाय," तो मोठ्या उत्साहानं म्हणाला. मागून कुणीतरी पाव किलो शेंगदाणे मागत होतं, म्हणजे फोन स्पीकरवर होता. "आईनं समदी उष्णता काढली."

"कशी काढली?"

"काशाच्या वाटीनं. तळपायाला तूप लावून रोज घासतीया. हिचं पाय काळंभोर झालं. मग माझंबी घासलं. माझं तर हिच्याहून जास्त निघालं की."

मी फोनवर हात ठेवून आधी हसून घेतलं. हसू संपलं तेव्हा वहीत दुसऱ्या सुईची तारीख बघितली, ती उलटून गेली होती. काशाच्या वाटीवर माझा राग नाही. मीही लहानपणी ती घासून घेतली आहे, झोप छान लागते. पण ही वाटी मी स्वतःच्या तोंडानं त्या घरात पाठवली होती. सासूनं "उष्णता" हा शब्द ऐकला आणि सोलापूरची कुठलीही शहाणी बाई एप्रिलमध्ये करील तेच केलं. फोनवर, शेंगदाण्याच्या गिऱ्हाईकांसमोर, मी त्याला खरं नाव सांगू शकत नव्हते. एवढंच म्हणाले की दोघंही या, बाळासाठी गरजेचं आहे. तो म्हणाला, "बगू की."

त्यांनी बघितलं नाही. गावातल्या आशाताईंना मी घरी जाऊन यायला सांगितलं. त्या परत येऊन म्हणाल्या, सून लई लाडात हाय. सकाळी धने-जिऱ्याचं पाणी, दुपारी सब्जा घातलेलं ताक, रात्री गुलकंद. सासू तिला उन्हात वाळवणसुद्धा घालू देत नाही. इतकं सुख कुणाच्या वाट्याला येत नाही, आणि त्या सुखातच बाळाचे दिवस चालले होते. सुईत इतका खंड पडला की कोर्स पहिल्यापासून सुरू करावा लागतो, आणि बाळंतपणाच्या तोंडावर दिलेली सुई बाळाला पुरी पडत नाही. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघून आठवडे मोजत बसायची. सिस्टर म्हणाली, तुमची युक्ती लई चांगली होती हां. ती टोमणे मारते तेव्हाच तिचा आवाज गोड असतो.

तीन आठवड्यांनी आशाताईंनी त्यांना नेहमीच्या तपासणीच्या नावाखाली आणलं. मुलगी आत आली, आणि तिच्या मागून सासूबाई. बांध्यानं लहान, आवाजानं मोठ्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमीच का ती उष्णतेची बाई?"

मी मान हलवली. त्यांनी पिशवीतून जुन्या धोतराचे तीन तुकडे काढले आणि माझ्या टेबलावर, भरायच्या अहवालाच्या वर, एकाखाली एक पसरले. तिन्हींवर काळे डाग होते.

"ह्ये पयल्या दिवशीचं. ह्ये आठव्या. ह्ये कालचं. बगा की, फिकं पडत चाललंय."

साहेबांनी आलेख दाखवावा तसा त्यांनी आठवड्यांचा हिशोब माझ्यापुढे मांडला होता, आणि खरं सांगायचं तर तो आमच्या अहवालापेक्षा जास्त व्यवस्थित होता. मला वाद घालायला जागा राहिली नव्हती. मी म्हणाले, वाटी आणलीय का? ती पिशवीतच होती, तुपाच्या डबीसकट.

मी सिस्टरला चप्पल काढायला लावलं. तिनं नकार दिला, मग काढली. तिच्या तळपायाला तूप लावून घासलं, काळं झालं. मग माझा पाय पुढे केला. सासूबाईंनी स्वतः वाटी घेतली, कारण माझ्या हाताला वळण नाही असं त्यांचं मत पडलं. माझाही पाय काळा झाला. "तुमच्यात बी लई हाय," त्या म्हणाल्या. शेवटी मी टेबलाच्या कोपऱ्याला तूप लावलं आणि जोर करून घासलं. कोपरा काळा झाला.

"मावशी, टेबलालाही उष्णता झालीय का?"

त्यांनी टेबल नीट निरखलं. "सरकारी टेबल हाय. असंल की."

सिस्टर तोंड फिरवून उभी राहिली, तिचे खांदे हलत होते. माझ्याकडचं सगळं संपलं होतं. मी मुलीकडे बघितलं. सासूसमोर बोलू का, असं डोळ्यांनीच विचारलं. तिनं खाली बघून हळूच होकाराची मान हलवली. मी आजाराचं नाव घेतलं नाही. पण घुमवून बोलणंही सोडलं.

"मावशी, ही उष्णता वाटीनं निघत नाही. पोटातल्या बाळासाठी सुई लागते. हिला तीन, आणि तुमच्या मुलालाही. एकालाच दिली तर उपयोग नाही."

वाटी पुसणारा त्यांचा हात थांबला.

"दोगांनाबी?"

"दोघांनाही."

"कमरंखाली? लई दुखती ती?"

"हो. दुखते."

 वाटी, डबी, धोतराचे तुकडे पिशवीत गेले. त्यांनी सुनेच्या हातून फोन घेतला, नंबर लावायला सांगितला आणि पलीकडून आवाज येताच कानडीत एवढंच म्हणाल्या, "ईगले बा." आत्ताच्या आत्ता ये. दुकानाचं काय, असं त्यानं विचारलं असावं, कारण पुढचं मराठीत आलं. "झाक ते दुकान."

एकच्या आत तो आला. मी त्याला एकट्याला आत घेतलं आणि आजाराचं नाव, तो कसा होतो, कसा पसरतो, सगळं सांगितलं. आधी त्याचा चेहरा उतरला, मग तो सावरला आणि सावरल्यावर पुरुष जे म्हणतात तेच म्हणाला. "म्हंजे हिच्यामुळं..."

दार उघडलं. बाहेर बाकावर बसलेली त्याची आई आत आली होती. आमचं बोलणं तिनं ऐकलं की नाही ते मला आजही माहीत नाही.

"सुई घे," ती म्हणाली. "आन हिला एक शब्द बोललास तर मी हाय."

तो उठून सिस्टरकडे गेला. त्याला आधी चाचणीची बारीक टोच, मग एकच डोस अर्धा-अर्धा करून दोन्ही बाजूंना एकेक सुई बसली. नंतर अर्धा तास थांबायचं असतं. तो तेवढा वेळ भिंतीला हात लावून उभा राहिला, कारण बसणं शक्य नव्हतं. आईनं त्याच्याकडे पाहून शांतपणे विचारलं, "लई दुखतंय? वाटी घासू का?" मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

त्यानंतर सासूबाई दोघांना दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी घेऊन आल्या, एक दिवसही चुकला नाही. माझ्या वहीत पुरुषांच्या रकान्यात एकाची भर पडली. मी हा किस्सा, नावगाव वगळून, दवाखान्यात, आशाताईंच्या बैठकीत, सगळीकडे सांगत सुटले. टेबल काळं केलं तो भाग तर मी उठून, हातवारे करून सांगायची. टेबलानं काम केलं अशी माझी पक्की समजूत होती.

बाळ श्रावणात झालं. मुलगी. वजन चांगलं, रडणं खणखणीत, आणि रक्ताचा अहवाल स्वच्छ. तो कागद हातात आला तेव्हा सिस्टर आणि मी खोलीचं दार लावून एकमेकींचे हात धरून उभ्या राहिलो. पुढच्या तपासणीला ती मंडळी आली तेव्हा अहवाल सांगायला मी स्वतः बाहेर गेले.

बाहेर गरोदर बायकांची रांग होती. सासूबाई बाकावर नात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सून आत डॉक्टरांकडे गेली होती. शेजारची एक मुलगी त्यांना सांगत होती की रक्तात काहीतरी निघालंय, नवऱ्याला घेऊन या म्हणतात, आणि तो काही यायला तयार नाही.

"आन त्येला," सासूबाई म्हणाल्या. "दोगांनाबी सुई लागती."

"कसली सुई?"

"गरमीची."

बाकावरच्या माना वळल्या. गरमी म्हणजे माझ्या वहीतला सिफिलिस; त्या शब्दाचा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना कळतो, बाईच्या तोंडून मात्र तो कुणी ऐकलेला नसतो. सासूबाईंनी आवाज कमी केला नाही. सुनेचं किंवा मुलाच्या आजाराचं अक्षर काढलं नाही, स्वतःचंच सांगितलं.

"माझी तीन गेली त्यात. एक सातव्यात, दोन जलमल्यावर. समदी म्हनायची हिच्या अंगात उष्णता हाय, हिला पोर टिकत न्हाय. सासूनं वाटी घासली, मी बी घासून घेतली. माझ्या मालकाला कुणी एक शब्द बोललं न्हाय. चवथ्या बारीला एक नर्सबाई आली, तिनं आमा दोगांना कमरंत सुई मारली. दोगांनाबी. का मारली ते सांगितलं न्हाय, डाक्टरला सांगत व्हती ते माझ्या कानावर आलं. त्यो माझा मुलगा जगला."

मी दारातच उभी होते. तीन आठवडे ज्या वाटीवर मी हसले, जो किस्सा मी गावभर रंगवून सांगितला, त्यात टेबलाचा काही संबंध नव्हता. "दोघांनाही" एवढा एकच शब्द त्यांना पुरला होता. मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

सासूबाईंनी वर पाहिलं. मी दिसल्यावर त्या शेजारच्या मुलीला म्हणाल्या, "ह्या म्याडम बी आदी उष्णताच म्हनल्या व्हत्या. खरं नाव घातलं असतं कानावर तर मी तीन आटवडं कशाला घासत बसले असते?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. मी त्यांना आत बोलावलं आणि म्हणाले, मावशी, तुमचंही रक्त तपासू या. त्यांनी नात सिस्टरच्या हातात दिली, खुर्चीवर बसल्या आणि चोळीची बाही वर केली. दंडाला पट्टा बांधताना त्या म्हणाल्या, "आता काय निगायचं ऱ्हायलंय ह्यातनं?"

"काय निघेल ते तुम्हाला नावासकट सांगते," मी म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला.